तेलाच्या पन्हळीला पेटंट मिळतें काय?

(नभोवाणीवरील भाषण)



पेटंट हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें विमान, टेलिफोन किंवा एखादें गुणकारी औषध असें कांहींतरी भव्य उभें राहतें. यंत्राच्या पोटांत बसविलेली टीचभर लांबीची पन्हळ, जिचें काम एवढेंच कीं उडालेलें तेल धरावें आणि एका छिद्राकडे न्यावें, तीहि पेटंटला पात्र ठरूं शकेल, ही कल्पना सहसा कोणास सुचत नाहीं. परंतु पेटंटच्या कायद्याची खरी कसोटी अशा लहान वस्तूंतच लागते. विमानाचें नावीन्य कोणालाहि दिसतें. पन्हळीचें नावीन्य दाखवून द्यावें लागतें. तें कसें दाखवावें, आणि तें केव्हां नसतेंच, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

विषय यंत्रशास्त्राचा असला तरी आमच्या भागाला तो परका राहिलेला नाहीं. आमचें मोरगांव कऱ्हेच्या कांठीं, बारामती तालुक्यांत आहे. अष्टविनायकांतील पहिलें स्थान म्हणून मयूरेश्वराच्या दर्शनाला लोक लांबून येतात, आणि त्यांच्या वाहनांत आतां विजेवर चालणाऱ्या गाड्याहि दिसूं लागल्या आहेत. तालुक्याच्या गांवीं, बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत, पियाजिओ कंपनीचा तीनचाकी गाड्यांचा कारखाना आहे. ह्या कंपनीनें २०१९ सालीं आपली विजेवरची तीनचाकी बाजारांत आणली. चाकण, भोसरी, पिंपरी या बाजूला तर वाहनांचे लहानमोठे भाग करणारे कितीतरी कारखाने आहेत. तेव्हां या गाड्यांच्या पोटांत काय चालतें आणि त्यांतली युक्ति कोणाच्या मालकीची होऊं शकते, हें आपल्या मुलाबाळांच्या पोटापाण्याशींच निगडित आहे.

प्रथम यंत्राकडे वळूं. विजेच्या गाडींत इंजिन नसतें. विजेची मोटर, तिचा वेग कमी करणारीं दंतचक्रें, आणि तो वेग दोन्ही चाकांना वांटून देणारी जोडणी, अशीं तीन अंगें पुष्कळदां एकाच धातूच्या कवचांत बसविलेलीं असतात. या समुदायाला आपण सोयीसाठीं ‘चालन-संच’ म्हणूं. त्याच्या वेगाची कल्पना साध्या त्रैराशिकानें येईल. मोटारगाडीच्या चाकाचा घेर सुमारें दोन मीटर धरा. ताशीं १२० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी मिनिटाला दोन हजार मीटर अंतर तोडते. म्हणजे चाक मिनिटाला एक हजार फेरे घेतें. मधलीं दंतचक्रें मोटरीचा वेग नऊ-दहा पटींनीं कमी करीत असतील, तर मोटरीचा आस त्याच मिनिटांत नऊ-दहा हजार फेरे घेत असला पाहिजे. इतक्या वेगानें फिरणारा आस ज्या बेअरिंगांवर टेकलेला असतो, त्यांना तेलाचा पातळसा थर अखंड मिळाला नाहीं, तर तीं थोड्याच वेळांत तापून निकामी होतील.

तेलाचें दुसरें काम थंडावा देण्याचें. मोटरीच्या तारांवरील लेप अति उष्णतेनें जळतो आणि चुंबकांची शक्ति उष्णतेनें उतरते. तेल वीज वाहून नेत नाहीं. म्हणून पाण्याला जेथें मज्जाव आहे, तेथें प्रत्यक्ष तारांच्या वेटोळ्यांवरहि तेल सोडतां येतें. कित्येक गाड्यांत आज हीच योजना आहे.

आतां अडचण पाहा. तेल कवचाच्या तळाशीं सांठलेलें असतें आणि त्याची गरज असते वर, आणि कोपऱ्यांत. मोठ्या गाड्यांत त्यासाठीं पंप बसवितात. परंतु पंप म्हणजे खर्च, वजन आणि बिघडण्याची आणखी एक जागा. म्हणून पुष्कळ ठिकाणीं मोठें दंतचक्रच तेलांत थोडें बुडेल असें ठेवतात. तें फिरूं लागलें कीं तेल उडतें आणि सगळीकडे शिंपडलें जातें. युक्ति सोपी खरी, पण तिच्या मागोमाग चार कटकटी येतात. तेल जास्त भरलें, तर दह्यांत रवी फिरावी तसें चक्र तेल घुसळीत बसतें आणि बॅटरींतली शक्ति फुकट जाते. तेल कमी भरलें, तर दूरच्या कोपऱ्यांतलें बेअरिंग कोरडें राहतें. गाडी दिवेघाटासारख्या चढावर लागली, कीं तळाचें तेल एका बाजूला जमा होतें. आणि गाडी मागें घेतांना चक्र उलटें फिरूं लागलें, म्हणजे तेल भलत्याच भिंतीवर उडतें.

पेट्रोलच्या इंजिनांत इंधनाच्या शक्तीचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपानें वायां जात असतो. तेथें तेल घुसळण्यांतला तोटा डोळ्यांत भरत नसे. विजेच्या मोटरींत मुळांत नासाडीच थोडी. त्यामुळें हा लहानसा तोटाहि हिशेबांत येतो, आणि एका भरणींत गाडी किती मैल जाणार यावर त्याचा परिणाम होतो.

या चारहि कटकटींवर उपाय म्हणून पन्हळ आली. आपल्या जुन्या घरांत पावसाचें पाणी पागोळ्यांवाटे भिंतीवर उडूं नये, म्हणून कडेला पत्र्याची पन्हळ लावून तें रांजणांत किंवा हौदांत सोडीत असत. तसेंच हें. चक्रानें उडविलेलें तेल जेथें आदळतें, तेथें पन्हळीसारखा भाग बसवितात. त्याचा तळ उतरता ठेवतात. आणि त्याच्या टोंकाशीं बेअरिंगाकडे जाणारें छिद्र असतें. यांत आणखी एक लाभ आहे. गाडी चालत असतांना बरेंच तेल पन्हळींत अडकून राहतें, म्हणून तळाची पातळी उतरते आणि घुसळण कमी होते. गाडी थांबली, कीं तें हळूहळू पुन्हां तळाशीं येतें. वस्तु एक, पण लाभ दोन.

अशा वस्तूला पेटंट द्यावें काय? आपल्या देशांत पेटंटचा पहिला कायदा १८५६ सालीं झाला. सध्यांचा कायदा १९७० सालचा. तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला आणि पुढें १९९९, २००२ व २००५ सालीं त्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. ह्या कायद्याचा करार थोडक्यांत असा: शोधकानें आपली युक्ति लोकांस उघड करून सांगावी, आणि त्याबद्दल सरकारनें अर्जाच्या तारखेपासून २० वर्षेंपर्यंत ती युक्ति दुसऱ्यास वापरूं न देण्याचा हक्क त्यास द्यावा. मुदत संपली कीं युक्ति सर्वांची. या हक्कासाठीं तीन गोष्टी लागतात. वस्तु नवी हवी. तिच्यांत शोधकबुद्धीचें एक पाऊल हवें. आणि ती उद्योगांत उपयोगीं पडण्याजोगी हवी.

तेल योग्य जागीं नेण्याच्या युक्तीनें या कसोट्या पूर्वींहि पार केल्या आहेत. एलायजा मॅकॉय हा गुलामगिरींतून पळून कॅनडांत गेलेल्या आईबापांचा मुलगा. एडिंबरो येथें यंत्रविद्या शिकूनहि त्याला अमेरिकेंत आगगाडीच्या इंजिनावर कोळसा घालण्याचें व तेल देण्याचेंच काम मिळालें. तेल देण्यासाठीं इंजिन वारंवार थांबवावें लागे. चालत्या इंजिनांतच तेल आपोआप पोहोंचेल असें पात्र त्यानें तयार केलें आणि १८७२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तेव्हां वस्तु लहान, काम हलकें, म्हणून शोध हलका, असा नियम नाहीं.

पण म्हणून कोणतीहि पन्हळ चालेल असेंहि नाहीं. समजा, एकानें लिहिलें, ‘चालन-संचाच्या कवचांत तेल गोळा करणारी पन्हळ हा माझा शोध.’ हा अर्ज पहिल्याच पायरीवर कोसळेल, कारण गिअरच्या पेट्यांतून अशा पन्हळी फार दिवसांपासून आहेत. दुसरा म्हणेल, ‘माझी पन्हळ लोखंडी पत्र्याची नसून प्लॅस्टिकची आहे.’ ही कदाचित् नवी ठरेल. परंतु प्लॅस्टिक हलकें असतें, हें कारागिरास आधींच ठाऊक आहे. तिसरा म्हणेल, ‘मी पन्हळ डावीकडून उजवीकडे नेली.’ जागा बदलली, पण त्यानें नवें काय घडलें तें दिसत नाहीं. हे दोघे दुसऱ्या पायरीवर अडतील. आतां चौथा असा आहे कीं, त्यानें पन्हळीला दोन ओठ अशा बेतानें दिले कीं चक्र सुलटें फिरो वा उलटें, तेल एकाच छिद्राकडे यावें; आणि छिद्राचें माप असें धरलें कीं चढावरहि बेअरिंग कोरडें राहूं नये. अशी रचना पूर्वीं कोणीं दाखविलेली नसेल आणि त्या विद्येंत मुरलेल्या माणसाला ती सहज सुचण्याजोगी नसेल, तर तिला पेटंट मिळण्यास हरकत नाहीं. पन्हळ तीच, पण एक सांगतो वस्तु, दुसरा सांगतो अडचण आणि तिचें उत्तर.

‘सहज सुचण्याजोगी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांवर आपल्या सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९७८ मध्यें दिलेला निकाल आजहि आधार मानला जातो. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या भांडीं करणाऱ्या पेढीनें, लेथवर भांडें घट्ट धरून ठेवण्याच्या एका साधनाचें पेटंट घेतलें होतें. त्याचा अंमल १९५१ पासून होता. त्याच गांवच्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीशीं त्यावरून वाद लागला. अखेर न्यायालयानें ठरविलें कीं, लेथच्या जुन्या, माहीत असलेल्या भागांत केलेला हा किरकोळ फेरफार आहे. कारखान्यांत रोज होणाऱ्या सुधारणेपेक्षां यांत अधिक कांहीं नाहीं. पेटंट रद्द झालें. १९५१ पासून १९७८ पर्यंत सत्तावीस वर्षें! यांतून दोन धडे मिळतात. एक, पेटंटचा कागद हातीं आला म्हणजे तो न्यायालयांत टिकेलच, अशी हमी कायदा देत नाहीं. दोन, केवळ सोय वाढली म्हणून शोध होत नाहीं. मात्र त्याच निकालांत हेंहि मान्य केलें आहे कीं, जुन्याच अंगांची जुळणी एकमेकांच्या कामांत गुंतून नवें किंवा अधिक चांगलें फळ देत असेल, तर ती जुळणी शोध ठरूं शकते.

कायद्याचें कलम ३ हेंच उलट बाजूनें सांगतें: ज्ञात साधनें नुसतीं शेजारीं मांडलीं आणि प्रत्येक आपापलें जुनेंच काम स्वतंत्रपणें करीत राहिलें, तर तो शोध नव्हे. हा भेद आपल्या शेतकऱ्याच्या मोटेवरून फार चांगला समजतो. साध्या मोटेचें पाणी वर आल्यावर ती ओतून घेण्यास विहिरीच्या कडेला दुसरा माणूस लागे. सोंडेच्या मोटेला खालीं चामड्याची सोंड असते, आणि सोंडेचें तोंड एका निराळ्या बारीक दोरानें वर धरलेलें असतें. मोट वर येतांच तो दोर सोंडेला थारोळ्याकडे ओढतो आणि पाणी आपोआप ओतलें जातें. चामडें जुनें, दोर जुना, चाकहि जुनें. परंतु मोटेशिवाय सोंड व्यर्थ, दोराशिवाय सोंड व्यर्थ. तिघांच्या संगतीनें एका माणसाचें काम वांचलें. याचें नांव जुळणी. उलट, मोटेच्या दोराला कोणी घुंगरूं बांधलें, तर घुंगरूं वाजेल आणि मोट पाणी काढील. दोघांचा एकमेकांशीं संबंध नाहीं. पन्हळीच्या अर्जांत हेंच विचारावयाचें असतें. दंतचक्र, पन्हळ, छिद्र आणि बेअरिंग हीं एकमेकांस मदत करून नवें फळ देतात, कीं नुसतीं एका कवचांत राहतात?

परीक्षक जुने कागद काढतो. एकांत पन्हळ असते, दुसऱ्यांत तेलाला वाट दाखविणारी पट्टी. तो म्हणतो, ‘या दोहोंची बेरीज म्हणजे तुमचा शोध.’ येथें युरोपीय पेटंट कार्यालयांत एक मार्मिक भेद करतात, आणि तो आपल्या भाषेंत सहज मांडतां येतो. कारागीर ती बेरीज करूं शकला असता, एवढें पुरेसें नाहीं; त्यानें ती केली असती काय, हें पाहावयाचें. हातीं अडचण असतांना त्या दुसऱ्या कागदाकडे वळण्यास त्याला कांहीं कारण होतें काय? कारण दाखवितां आलें, तर अर्ज पडला. नाहीं दाखवितां आलें, तर अर्जदाराचें पारडें जड.

हा भेद न्यायाचा आहे. माझा एक जुना विद्यार्थी लेथवर काम करतो. तो मला एकदां म्हणाला, ‘गुरुजी, पत्र्याला दोन घड्या घालायच्या, त्याला कसलें आलंय पेटंट?’ मी त्याला विचारलें, ‘वर्गांत मी उखाणा घालीत असें, तेव्हां उत्तर कळल्यावर तुम्ही सगळे काय म्हणत होतां?’ तो हंसला. उत्तर कळलें कीं प्रत्येक उखाणा सोपा. म्हणून उत्तर झांकून ठेवून, अर्जाच्या दिवशीं जें ठाऊक होतें तेवढ्यावरूनच निवाडा करावयाचा असतो. आपल्या हाताखालून गेलेल्या वस्तूला कमी लेखण्याची खोड आमच्या कारागिरांत फार आहे. ती नम्रता म्हणून शोभते, पण तिच्यामुळें हक्क बुडतो.

हक्क बुडण्याचीं दोन कारणें नेहमीं आढळतात. ज्यांच्या घरीं असा एखादा कल्पक मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनीं तीं लक्षांत ठेवावीं. पहिलें कारण घाई. युक्ति साधली, कीं ती प्रदर्शनांत मांडली जाते, गिऱ्हाइकाला दाखविली जाते, चित्रासह प्रसिद्ध केली जाते. अर्जापूर्वीं युक्ति उघड झाली, तर नावीन्य गेलें. कायद्यानें ठेवलेल्या सवलती फार थोड्या व अरुंद आहेत. म्हणून आधीं अर्ज, मग मिरवणूक. पुरी तयारी नसेल तर प्राथमिक वर्णन देऊन तारीख पक्की करतां येते, आणि बारा महिन्यांच्या आंत पूर्ण वर्णन द्यावें लागतें. एकट्या व्यक्तीनें इंटरनेटवरून अर्ज केल्यास तीस पानें व दहा दावे यांपर्यंत मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. अर्जाच्या परीक्षणाची मागणी मात्र निराळी करावी लागते. मार्च २०२४ मधील नियमांनुसार तिची मुदत ३१ महिन्यांची आहे. ती चुकली तर अर्ज मागें घेतल्यासारखा होतो. महाराष्ट्रांतील अर्जांसाठीं पेटंट कार्यालयाची शाखा मुंबईस आहे.

दुसरें कारण शब्दांची हयगय. पेटंटाचें कुंपण दाव्यांच्या शब्दांचें असतें. ‘लोखंडी पन्हळ’ असें लिहिलें, तर शेजारी प्लॅस्टिकची करून मोकळा होईल. ‘तेल गोळा करणारें कोणतेंहि साधन’ असें लिहिलें, तर जगांतल्या जुन्या पन्हळी त्यांत येतील आणि दावाच बुडेल. मधला मार्ग एकच: अडचण काय होती, कोणत्या आकारानें ती सुटली, आणि किती सुटली, हें नेमकें लिहावें. पन्हळीपूर्वीं बेअरिंग किती अंश तापत होतें आणि नंतर किती, हे आंकडे अर्जाच्या दिवशींच वर्णनांत असले तर त्यांच्याइतका दुसरा साक्षीदार नाहीं. ज्यानें शोध लावला त्याचें नांव ‘खरा व पहिला शोधक’ म्हणून येतें. नोकरींतला माणूस असेल, तर हक्क कोणाकडे जाणार हें नोकरीचा करारनामा नीट वाचून आधींच पाहावें.

पेटंट म्हणजे पैशांची थैली नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. तें ज्या देशानें दिलें त्या देशापुरतेंच चालतें, तें जिवंत ठेवण्यास वेळोवेळीं शुल्क भरावें लागतें, आणि त्याला विरोध करण्याचा मार्ग इतरांना मोकळा असतो. मुंबईचे डॉ. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांच्यासारख्या विलक्षण बुद्धीच्या शोधकाला, छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्रासाठीं पाठबळ शोधीत लंडन आणि पुढें न्यूयॉर्क गांठावें लागलें. आजच्या मुलाला तेवढें दूर जाण्याची गरज नाहीं. यंत्र शेजारच्या कारखान्यांत आहे, जुनीं पेटंटें घरबसल्या पाहतां येतात, आणि कायद्याचें दार व्यक्तीलाहि उघडें आहे.

तात्पर्य, तेलाच्या पन्हळीला पेटंट मिळतें काय, या प्रश्नाचें उत्तर पन्हळीच्या लांबीरुंदींत नाहीं, आणि तिच्यासाठीं किती रात्री जागविल्या यांतहि नाहीं. तिनें कोणती अडचण दूर केली, तें उत्तर पूर्वीं कोणीं दिलें होतें काय, आणि जाणत्या कारागिरानें तें वाटेवर सांपडल्यासारखें उचललें असतें काय, या तीन प्रश्नांत तें आहे. आपल्या कारखान्यांतून दुसऱ्यांच्या नकाशांवर बिनचूक काम करणारे हात पुष्कळ आहेत. काम करतां करतां त्यांना जें सुचतें, तें त्यांनीं वहींत तारखेसह लिहून ठेवावें आणि हे तीन प्रश्न त्याला विचारावे. बहुतेक वेळां उत्तर ‘नाहीं’ असें येईल, आणि त्यांत कमीपणा नाहीं. परंतु ज्या एका वेळीं तें ‘होय’ येईल, त्या वेळीं ती युक्ति मुकाट्यानें दुसऱ्याच्या नकाशांत जाऊं नये, एवढीच माझी इच्छा आहे.